बारा गॉगल, वीस मुलं

सुमन,

तू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी प्रयोगशाळेत बॅचवर उभी होते. शिपाई दारातूनच हाक मारत आला. दौंडहून एसटीनं आलेल्या माणसानं दिलेली दोन ओळींची चिठ्ठी त्याच्या हातात होती. तुला कावीळ झाली होती हेसुद्धा मला माहीत नव्हतं. समोर वीस मुलं होती, वीस बर्नर पेटलेले होते, आणि पेटलेली बॅच सोडून डेमॉन्स्ट्रेटरनं दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही हा नियम तूच लिहून ठेवलेला. मी चिठ्ठी ॲप्रनच्या खिशात घातली आणि तास संपेपर्यंत तिथंच राहिले. गॉगलची काच आतून धुकट झाली. एका मुलानं टेस्ट ट्यूब वर धरून विचारलं, "बाई, हा निळा रंग बरोबर आलाय का?" मी म्हटलं, "बरोबर आहे." मला काहीच दिसत नव्हतं.

कॉलेजच्या अंकासाठी तुझ्यावर पानभर मजकूर द्या, असं मला सांगितलंय. जन्म, शिक्षण, नोकरी, स्वभाव मनमिळाऊ. दोनदा कागद पुढ्यात घेतला. तुझा स्वभाव मनमिळाऊ नव्हता गं. तू हट्टी होतीस, एखादी गोष्ट पटली नाही की जेवणावरून उठायचीस, आणि माझ्या अक्षराला हसायचीस. म्हणून अंकाचं राहू दे. मी तुलाच लिहिते.

पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीच्या वर्गात आपण दोघीच मुली होतो. तू दौंडच्या रेल्वे कॉलनीतली, वडील लोको शेडमध्ये फिटर. मी केंदूरची, चुलत्यांच्या, आप्पांच्या वाड्यातली, शेतीवाडीच्या घरातली. सरांनी आपल्याला शेवटचं टेबल दिलं, खिडकीजवळचं. तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, "बरं झालं. हितून सगळ्यांच्या चुका दिसत्यात."

ती नायलॉनची साडी तुला आठवत असेल. भावानं पुण्याहून आणलेली, आकाशी रंगाची, गुळगुळीत, न चुरगळणारी. त्या काळात नायलॉन म्हणजे काय थाट होता! मी ती मुद्दाम प्रॅक्टिकलच्या दिवशी नेसले. दुष्काळाचं वर्ष होतं, नळाला पाणी नव्हतं, कोपऱ्यात एका पिंपात दिवसभराचं पाणी भरून ठेवलेलं असायचं. मी रॅकवरची बाटली घ्यायला वाकले आणि पदर बर्नरवरून गेला. कापूस पेटला तर ज्वाळा दिसते. नायलॉन नुसता आत ओढला गेल्यासारखा वितळला आणि माझ्या डाव्या हाताला चिकटला. मुलं मागं सरकली. सर "अरे, अरे" म्हणत राहिले. पिंपापर्यंत जायला वेळ नव्हता. तू दारातलं पाय पुसायचं गोणपाट उचललंस, माझ्यावर टाकलंस आणि मला मिठी मारून खाली बसलीस. तुझ्या तळव्यालाही भाजलं होतं. ते तू मला आठ दिवसांनी दाखवलंस.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर सूचना लिहिली, 'विद्यार्थिनींचा पोशाख सुव्यवस्थित असावा.' तू हात वर केलास.

"सर, सुव्यवस्थित म्हणजे काय?"

सर बिचारे खडूशी चाळा करत राहिले. मुलींसमोर 'पदर' हा शब्द उच्चारायचा कसा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. म्हणाले, "म्हणजे... नीटनेटका."

"तिची साडी नीटनेटकीच होती, सर."

त्या आठवड्यात तू एका पुठ्ठ्यावर शाईनं लिहून आणलंस. पदर ॲप्रनच्या आत. वेणीचा अंबाडा. नायलॉन आणि टेरिलीन बंद, सुती कापड चालेल. ॲप्रनला पूर्ण बाह्या. पायात बूट. ते शेवटचं तू लिहिलंस आणि मग वर्गातल्या मुलांच्या पायांकडं बघितलंस. निम्मी मुलं टायरच्या चपला घालून आलेली, दोघं-तिघं अनवाणी. तू पुठ्ठा परत घेतलास आणि बूट खोडलंस. मी विचारलं तर म्हणालीस, "जे न्हाईच ते मागून काय करू? उद्या ती पोरं यायचीच बंद होतील."

गॉगल त्यानंतर आला. तुझ्या बाबांच्या शेडमध्ये सहाणेवर लोखंड घासताना घालायचा, जाड काचांचा, बाजूला चामड्याच्या वाट्या असलेला. कंडम झालेला एक तू फोरमनची चिठ्ठी घेऊन आणलास. त्याला ग्रीसचा वास यायचा. तू तो डोळ्यावर चढवून टेबलापाशी उभी राहिलीस तेव्हा अख्खा वर्ग हसला. "डायवर आला, डायवर! कोळसा टाका!" तीन वर्षं तुला मुलं डायवरच म्हणत होती. तू कधी गॉगल काढला नाहीस. मी मात्र तो घालायला लाजत होते, हे आज कबूल करते. माझ्या हातावर डाग असूनही लाजत होते.

पुढं आपण दोघीही त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झालो. शिरूरला एक खोली घेतली. ती माझ्या आडनावावर घेतली, तुझं ऐकून कुणी दिली नसती हे दोघींना ठाऊक होतं आणि त्यावर आपण कधी बोललो नाही. शनिवारी तू एसटीनं दौंडला जायचीस, सोमवारी सकाळी आईच्या हातच्या भाकऱ्या आणि एखादा नवा गॉगल घेऊन यायचीस. एकेक करत बारा जमवलेस. खोलीतल्या सतरंजीवर बसून तू त्यांच्या काचा दातांच्या पावडरीनं घासायचीस. पट्टे कुजलेले असायचे, ते काढून परकराच्या नाड्या ओवायचीस. मी वह्या तपासत बसलेली असायचे. तू मधेच एखादा माझ्या डोक्यावर चढवून बघायचीस आणि म्हणायचीस, "तुझं डोकं मोठंय, शैले, पण त्यात काय भरलंय ते कळत न्हाई." इतकी निवांत मी पुन्हा कुणाजवळ बसलेली नाही.

बारा गॉगल झाले आणि भांडण सुरू झालं. बॅच वीसची. तू नियम केलास की एका वेळी बाराच मुलांनी बर्नर पेटवायचा, बाकीच्या आठांनी तोवर जर्नल लिहायचं, मग अदलाबदल. प्रॅक्टिकल लांबू लागलं. मुलांची एसटी चुकू लागली. प्राचार्य म्हणाले, "पोर्शन मागं पडतोय, बाई." मला तुझं पटत नव्हतं आणि मी ते खोलीवर रोज बोलून दाखवायचे.

"तू बूट सोडलेसच ना? मग गॉगलचं एवढं काय?"

"पायाला नवी कातडी येती. डोळ्याला येत न्हाई."

"आजवर किती जणांच्या डोळ्यात गेलंय, सांग."

"गेल्यावर मोजायचं का?"

तू चिडलीस की दौंडचं बोलायला लागायचीस. मला तेव्हा हसू यायचं.

मंगलला कॉलेजात आणायला आपण दोघी भांडगावला गेलो होतो. तुझ्या आईचं माहेर ते. मंगल तिच्या आळीतली कॉलेजात जाणारी पहिली मुलगी. शिरूरला आत्याकडं राहून शिकायचं ठरत होतं. तिचे वडील ओट्यावर बसलेले, म्हणाले, "ते ॲसिड-बिसिड असतंय म्हणत्यात तिथं. पोरीच्या जातीला काय झालं मंग?" तू त्यांच्या समोर मांडी घालून बसलीस. म्हणालीस, "मामा, माझ्या नजरेखाली राहील. तिला काय होऊ देणार न्हाई." मी शेजारी बसून मान डोलावली होती. तो शब्द दोघींचा होता, सुमन. मी तो नंतर एकट्या तुझ्यावर टाकला.

तो बुधवार. आदल्या दिवशी तुला तार आली, बाबा शेडमध्ये इंजिनाखालच्या खड्ड्यात पडले, पाय मोडला, तुला बोलावतायत. तू पिशवी भरता भरता मला म्हणालीस, "उद्याची माझी बॅच घेशील? अर्ज द्यायला आता वेळ न्हाई, प्राचार्य गावाला गेलेत. एका दिवसाचं तर हाय." मी हो म्हटलं. दारातून तू परत वळलीस. "बारा गॉगल, बारा पोरं. बाकीची जर्नल लिहितील. शैले, ऐकतीस ना?"

"हो गं. जा तू."

सॉल्टचं प्रॅक्टिकल होतं. क्षारात कॉस्टिक सोडा घालून तापवायचं आणि अमोनियाचा वास येतो का ते पाहायचं. बारा जणांनी बर्नर पेटवले. राहिलेली आठ जर्नल उघडून बसली. चार वाजून गेले तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. एक जण उठून म्हणाला, "बाई, पाचची एसटी गेली की मग थेट आठची. करू द्या की आम्हालाबी. सुमनबाई न्हाईत आज." सगळे हसले. मीही हसले. मला त्या क्षणी काय वाटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, आज दाखवून देऊ हिला की सगळी बॅच पाचच्या आत सुटते आणि कुणाला काही होत नाही. मुलांची कणव मला आली नव्हती. मला वाद जिंकायचा होता.

मी म्हटलं, "करा. पण सांभाळून."

मंगल त्या आठांत होती. तिच्या शेजारचा मुलगा पहिल्या बारांतला, डोळ्यावर गॉगल घातलेला, दुसऱ्यांदा परीक्षा करून बघत होता. त्यानं ट्यूब तिरकी धरली होती आणि तिचं तोंड मंगलकडं होतं. उकळी एकदम उसळली. गरम कॉस्टिक तिच्या उजव्या गालावर आणि डोळ्यात गेलं. ती ओरडली नाही, आधी नुसती "बाई" म्हणाली. मग ओरडली.

तुझा पुठ्ठा बेसिनच्या वर टांगलेला होता. 'डोळ्यात काही गेल्यास नळाखाली धरावे. घड्याळ पाहून पंधरा मिनिटे. विद्यार्थी नको म्हणाला तरी.' मी तिला नळाखाली धरलं. ती हातपाय झाडत होती, सोडा सोडा म्हणत होती. मी किती वेळ धरलं मला सांगता येत नाही. पंधरा मिनिटं नक्की नाही. कुणी तरी डॉक्टर आले म्हणालं आणि मी तिला सोडलं. संध्याकाळी तिला जीपमध्ये घालून पुण्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. महिन्यानं ती परत आली. उजव्या डोळ्यात पांढरं पडलं होतं.

मी हे सगळं तुला माहीत असलेलं पुन्हा लिहितेय, कारण मी ते एकदाही माझ्या हातानं लिहिलेलं नाही.

मी त्याच रात्री केंदूरला गेले. आप्पा म्हणजे माझे चुलते, कॉलेजच्या समितीवर होते. त्यांना मी खरं सांगितलं. ते सुपारी कातरत होते. म्हणाले, "टाइमटेबलावर कुणाचं नाव हाय?"

"सुमनचं."

"तिनं रजा टाकलीया का?"

"न्हाई."

"मग तू कशाला मधी पडतीस? तुझी नेमणूक कायम व्हायची हाय औंदा. गप ऱ्हा. पोरांचं मी बघतो. आपोआप निस्तरंल."

सोमवारी प्राचार्यांच्या खोलीत आपल्याला बोलावलं. तू भांडगावला जाऊन आली होतीस. मंगलच्या वडिलांनी तुला ओट्यावर चढू दिलं नाही, हे मला नंतर कळलं. तुझ्या साडीला रस्त्याची धूळ होती. प्राचार्यांनी टाइमटेबल पुढ्यात ओढलं.

"बॅच तुमची होती, सुमनबाई?"

"हो, सर."

"आणि तुम्ही विनापरवाना गैरहजर."

"हो, सर."

मग ते माझ्याकडं वळले. "तुम्ही कुठं होतात?"

मी म्हटलं, "शेजारच्या खोलीत होते, सर. आरडाओरडा ऐकून आत आले."

तू मान वळवून माझ्याकडं बघितलंस. त्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं. तू नुसती वाट बघत होतीस, पुढचं वाक्य येईल म्हणून. प्राचार्यही थांबले होते. खिडकीबाहेर कुणी तरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत राहिले. तू काही बोलली नाहीस. तुला ठपक्याचं पत्र मिळालं आणि जूनमध्ये तुझी नेमणूक पुढं चालू झाली नाही. माझी कायम झाली.

खोली सोडताना तू तुझी भांडी, सतरंजी आणि पुस्तकं बांधलीस. गॉगल कॉलेजातच ठेवलेस. मी स्टँडपर्यंत ट्रंक उचलायला आले, तू नको म्हणाली नाहीस. दौंडची गाडी लागली. कंडक्टरनं ट्रंक टपावर टाकली. पायरीवर एक पाय ठेवून तू थांबलीस.

"तू बोलशील म्हणून मी गप बसले, शैले."

एवढंच म्हणालीस आणि आत जाऊन बसलीस, पलीकडच्या बाजूच्या खिडकीशी.

त्यानंतरच्या पाच वर्षांत मी तुला किती पत्रं लिहिली, तुला माहीत आहे. प्रत्येकात माफी मागितली. एकाही पत्रात, मी प्राचार्यांकडं जाऊन खरं सांगते, असं लिहिलं नाही. तुझं एकच कार्ड आलं. त्यात लिहिलं होतं, 'नाड्या दर वर्षी बदलाव्यात. काचेला तडा असेल तो गॉगल वापरू नये. वीस पुरे करावेत.' खाली नाव. मी वीस पुरे केले, सुमन. आता माझ्या बॅचला गॉगलशिवाय कुणी बर्नरला हात लावत नाही. प्राचार्य बैठकीत माझं कौतुक करतात. अशा वेळी मी मान खाली घालते आणि सगळ्यांना वाटतं मी नम्र आहे.

गेल्या वर्षी मी धीर करून तुझ्या शाळेत आले. दौंडच्या त्या हायस्कुलात प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट आणि एक लांब टेबल. तू सातवीच्या मुलींना चुन्याची निवळी करून दाखवत होतीस. मुली दोन पावलं मागं उभ्या होत्या, जमिनीवर खडूनं आखलेल्या रेघेच्या मागं. तास संपल्यावर तू मला बघितलंस. मला वाटलं, आता शिव्या घालशील. मी शिव्यांसाठीच आले होते.

"बसा," तू म्हणालीस. "पाणी घ्या. एसटीनं आलात का?"

इतकी वर्षं एका ताटात जेवलो आपण, आणि तू मला अहो-जाहो केलंस. मी पाणी प्यायले. तुमच्या शाळेत मुली किती, निकाल कसा लागतो, असं काहीबाही विचारलं. तू सगळ्याची नीट उत्तरं दिलीस. निघताना मी "सुमे" म्हणाले. तू म्हणालीस, "सांभाळून जा. फाटकाशी गर्दी असते." ते आपलं शेवटचं बोलणं.

मी तेव्हा चिडले होते, हेही सांगून टाकते. वाटलं, किती ताणायचं माणसानं? मी आले होते ना? परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात तुझ्याशी कडाकडा भांडले. तू मला सोडवायला हवं होतंस, असं मला वाटत होतं. ते काम माझं होतं, हे मला कळायला तुला जावं लागलं.

काल तुझ्या पुण्यानुमोदनाला आले. रेल्वे क्वार्टरच्या पुढं छोटा मांडव घातला होता. शेडमधली माणसं, शाळेच्या मुली, भांडगावची मंडळी. बुद्धवंदना झाली. सगळ्यांच्या मागं मी उभी होते. पाण्याचा तांब्या घेऊन एक मुलगी माझ्यापर्यंत आली. पांढरी सुती साडी, केसांचा अंबाडा. मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि लगेच खाली बघितलं.

"बाई, आत या की," मंगल म्हणाली. "उन्हात कशाला?"

मी विचारलं, "दुखतं का गं अजून?"

"थंडीत पाणी येतंय. बाकी काय न्हाई."

ती बी.एस्सी. झाली, हे मला तिच्याकडून कळलं. तू तिला वर्षभर घरी शिकवलंस, मग रोज रेल्वेनं पुण्याच्या कॉलेजात पाठवलंस, आणि जूनपासून ती तुझ्याच शाळेत लागली. हे सगळं करताना तू मला एका कार्डानंही कळवलं नाहीस. का कळवशील?

मी म्हटलं, "मंगल, त्या दिवशी..."

"त्या दिवशी तुमी होता," ती म्हणाली, अगदी साधेपणानं.

"तू कुणाला बोलली नाहीस?"

"मला कुणी इचारलंच न्हाई, बाई. दवाखान्यात महिनाभर होते. कॉलेजातलं कोण आलं न्हाई, एक सुमनताई सोडून. त्यांना सांगाय गेले तर म्हणल्या, मला ठाव हाय. तू पुस्तक उघड." तिनं तांब्या खाली ठेवला. "पर ताईंच्या बाबांना ठाव न्हाई. त्यांना वाटतं, आपण पाय मोडून घेतला, पोरीला बोलावलं, आन् त्या पायी तिची नोकरी गेली. तवापासून तेच बोलत्यात. कालबी तेच. माझ्यापायी, माझ्यापायी. ताईनं लई सांगितलं तसं न्हाई म्हणून. पर मग कसं, हे काय त्या सांगत नव्हत्या."

मी माझ्या अपराधाचा हिशेब तुझ्या-माझ्यापुरता धरला होता. पाच वर्षं एक म्हातारा माणूस तो उचलून बसलाय, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि तुला ते रोज डोळ्यांनी दिसत होतं. तरी तू माझं नाव घेतलं नाहीस. तुझ्या या गप्प राहण्याला काय म्हणायचं मला कळत नाही. उपकार म्हणावं तर त्याचा भार बाबांवर पडला. सूड म्हणावं तर तू तशी नव्हतीस. तू असतीस तर यावरही भांडले असते मी तुझ्याशी. तुझं चुकलं होतं, सुमन. माझ्याइतकं नाही, पण चुकलं होतं.

बाबा पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. काठी शेजारी. खोली माणसांनी भरलेली. मी त्यांच्यासमोर खाली बसले, पाया पडले.

"कोण गं?"

"शैला. केंदूरची."

"शैला," ते म्हणाले. "व्हय, व्हय. तुमी दोघी एका खोलीत ऱ्हायच्या. लई नाव काढायची तुझं."

मी हळू आवाजात म्हटलं, "बाबा, तिची नोकरी तुमच्यामुळं गेली नाही."

"काय म्हणतीस?" त्यांनी कानाशी हात नेला. "मोठ्यानं बोल, पोरी. शेडातल्या ठोकाठोकीनं कान गेलं माझं."

मी पुन्हा म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. शेजारी बसलेला त्यांचा जोडीदार म्हणाला, "अजून मोठ्यानं बोला, ताई." तशी खोलीतली बोलणी थांबली. सगळे माझ्याकडं बघू लागले. दारात मंगलचे वडील उभे होते.

मग मी मोठ्यानं बोलले. ओरडूनच. म्हटलं, "बाबा, त्या दिवशी बॅचवर मी होते. सुमननं मला सांगितलं होतं, गॉगल नसेल त्याला बर्नर देऊ नको. मी दिला. मंगलचा डोळा माझ्यामुळं गेला. आणि प्राचार्यांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. म्हटलं, मी तिथं नव्हतेच. म्हणून तिची नोकरी गेली. तुमच्या पायाचा काही संबंध नाही."

तेवढं बोलायला मला किती वेळ लागला कोण जाणे. मधे दोनदा बाबांनी "काय?" म्हटलं आणि दोन्ही वेळा मला ते वाक्य परत म्हणावं लागलं, आणखी मोठ्यानं. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं ते वाक्य 'मी खोटं बोलले' हे होतं.

मंगलचे वडील दारातून बाहेर गेले. बाबा आपल्या गुडघ्यावरून हात फिरवत राहिले, मोडलेल्या पायाच्या.

"म्हंजी माझ्यापायी न्हाई?"

"नाही, बाबा."

"तिला ठाव होतं?"

"होतं."

मला वाटलं, आता मला उठ म्हणतील, चालती हो म्हणतील. त्यांनी काठी उचलली, तिच्या टोकानं आतल्या खोलीचं दार दाखवलं.

"तिच्या आईलाबी सांग," ते म्हणाले. "ती आत बसलीया. तीबी मलाच बोल लावती."

मी उठले, सुमन. आत गेले. तुझी आई चुलीशी बसली होती, तिच्या मांडीवर तुझं एक लुगडं होतं. मी तिच्याजवळ बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.